वासाचा रकाना

पिंपळवंडी,
३ नोव्हेंबर २०२५

अक्षदा,

आधी 'चि.' लिहिलं होतं, ते खोडलं. मग 'प्रिय' लिहिलं, तेही बरं दिसेना. तेव्हा नुसतं नाव. तू फोन उचलत नाहीस, मेसेजच्या खुणा निळ्या होत नाहीत, म्हणून नारायणगावच्या पोस्टातून पाकिटं आणवली. आठ वर्षं आपण किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेत एका टेबलाशी उभे राहिलो, आणि आता पिंपळवंडीहून निरगुडसर तासाभराचा रस्ता असताना मी तुला पोस्टाने पत्र लिहितोय. हसू आलं तर हस.

कामाचं सांगतो. तू केलेल्या अपिलाची प्रत कार्यालयाने मला पाठवली आहे. सोबत वासाच्या रजिस्टरच्या तीन वर्षांच्या झेरॉक्स. माजी विभागप्रमुख म्हणून माझा अभिप्राय एकतीस डिसेंबरच्या आत हवाय. तुला परत घ्यायचं की बडतर्फी कायम ठेवायची, हे त्या एका कागदावर ठरेल, असं अपील ऐकणाऱ्या साहेबांनी मला फोनवर सरळच सांगितलं.

तुझं अपील वाचून मी थक्क झालो. अख्ख्या पानात एकच वाक्य कामाचं: 'मी कोणाकडूनही काही घेतलेलं नाही.' बरं, नसशील घेतलं. पण खाडाखोडीचं काय? माशाचा नमुना आला की मी हुंगायचा, दहापैकी गुण सांगायचे, तू ते वासाच्या रकान्यात लिहायचे. चारच्या खाली गेला की माल परत. इतकं साधं काम. त्यात एकेचाळीस ठिकाणी माझा आकडा खोडून तू दुसरा लिहिलास, आणि बहुतेक ठिकाणी कमी केलास. चौकशी समितीने अर्थ लावला की कुणा व्यापाऱ्याचा माल अडवायला केलं असणार. मला विचारलं तेव्हा मी एवढंच म्हणालो की ही खाडाखोड माझी नाही, अक्षर अक्षदाचं आहे. यात खोटं काय होतं?

फेब्रुवारीतली ती सुरमई खाऊन प्रशिक्षण शिबिरातली सव्वीस माणसं दवाखान्यात गेली होती. कुणावर तरी कारवाई होणारच होती. रजिस्टर उघडलं गेलं आणि तू सापडलीस. मी तुला अडकवलं नाही.

आता ऐक. कुणी दबाव आणला असेल तर नाव लिहून दे. चूक झाली म्हण. मी लिहीन की मुलगी हुशार आहे, घर गरीब आहे, एकदा संधी द्यावी. माझ्या शब्दाला अजून थोडी किंमत आहे. रोज उठून हे कागद डोळ्यांसमोर ठेवायचा मला कंटाळा आलाय. निवृत्त होऊन पाच महिने झाले, तरी मासळी काही पाठ सोडत नाही.

कुंडलिक


पिंपळवंडी,
१६ नोव्हेंबर २०२५

अक्षदा,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. तरी रोज अकराच्या सुमाराला ओट्यावर येऊन बसतो आणि पोस्टमन हात करून पुढे निघून जातो.

इथलं सांगतो. जूनपासून मी थोरल्या बंधूंकडे, सावळेरामदादांकडे राहतो. बाळाबाई वहिनींनी मला खोली दिली आणि गावाने काम दिलं. गावाच्या हिशेबी मी चौतीस वर्षं सरकारी पगार घेऊन मासे हुंगले. त्यामुळे ज्याच्या घरी काही आंबलं, विटलं, बुरसलं, तो ते घेऊन माझ्या दारात. तूप येतं, ताक येतं, परवा एकाने द्राक्षावर मारायचं औषध आणलं, जुनं झालंय का बघा म्हणून. मी ते नाकाजवळ नेतो, डोळे मिटतो, मान हलवतो आणि काहीतरी सांगतो. लोक खूश होऊन जातात.

काल शनिवार, नारायणगावचा बाजार. वहिनींना बोंबील हवे होते. आपल्याकडे समुद्र येतो तो असा, सुकून, गोणीत भरून. मासळीवालीने मूठभर बोंबील माझ्या हातावर ठेवले. मी हुंगले आणि म्हणालो, घ्या, चांगले आहेत. घरी येऊन वहिनींनी पिशवी सोडली आणि पदर नाकाला लावला.

"भावजी, हे तर कुजल्यात! वल्लेच भरल्याती गोणीत. कसली घाण सुटलीया."

"सुक्या बोंबलाला वास असतोच, वहिनी."

"असतो की. ल्हानपणापास्नं खाते मी. ह्यो तसला न्हाई." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "तुमाला वास येत न्हाई ना?"

मी म्हणालो, काहीतरीच काय.

"आखाडात दूध उतू जाऊन करपलं. तुमी गॅसशेजारी पेपर वाचत व्हता. मी गोठ्यातनं पळत आले वासानं, आन तुमी पान उलटलं. मी तवाच वळखलं. म्हनलं, बोलावं कसं, येवढा मोठा मानूस."

मी वहिनींवर ओरडलो. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी पिशवी उचलली आणि बोंबील उकिरड्यावर टाकून आल्या. दादा जेवायला बसले तेव्हा मासळीचा विषयच निघाला नाही. दोघं मला सांभाळून घेत होते. आणि कुणी आपल्याला सांभाळून घेतंय हे कळलं की घास खाली उतरत नाही.

हे तुला का लिहितोय ते मलाही नीट माहीत नाही. २०२१च्या पावसाळ्यात मला तो ताप आला होता, आठवतं? तूच डबा दारात ठेवून जायचीस. त्या तापात माझा वास गेला होता. कुणाला बोललो नाही, कारण ज्याचं सगळं काम नाकावर, त्याने असं सांगितलं तर उरतं काय? दोन-तीन महिन्यांत परत आला. म्हणजे मला तसं वाटलं.

अभिप्राय अजून लिहिलेला नाही.

कुंडलिक


पिंपळवंडी,
२ डिसेंबर २०२५

अक्षदा,

परत आला नव्हता. मागच्या पत्रात शेवटी मी लबाडी केली.

मी नुसता खोटारडा नव्हतो, एवढं तरी तुला पटावं असं वाटतं. बांगडा समोर आला की त्याचे डोळे, कल्ले, अंगावरची चकाकी बघून मला त्याचा वास आठवायचा. आणि इतकी वर्षं हुंगलेल्या माणसाला आठवलेला वास आलाय असंच वाटतं. ताज्या मालात मी चुकत नव्हतो. पण बर्फात राहिलेला मासा वरून देखणा दिसतो आणि आतून जातो. तिथे डोळे फसतात, म्हणून तर नाक लागतं. हे मीच दरवर्षी नव्या पोरांना शिकवायचो. पूर्वी आपल्या खोलीत पाच जण हुंगायचे. एक चुकला तरी चार असायचे. एकेक जण निवृत्त झाला, जागा भरल्या गेल्या नाहीत, आणि शेवटी हुंगणारा मी एकटा उरलो. मला तपासणारं कुणी नव्हतं, असं मी धरून चाललो होतो.

बोंबलाच्या प्रकारानंतर मी रसायन विभागातल्या भगवंतला फोन केला. प्रत्येक नमुन्याचा एक तुकडा त्याच्याकडे जायचा. मासा सडताना नत्राचे जे पदार्थ तयार होतात ते तो मोजायचा. बिनचूक चाचणी, पण सावकाश. त्याचा आकडा दुसऱ्या दिवशी दुपारी यायचा, आणि तोवर माल सुटलेला किंवा अडवलेला असायचा. म्हणून पहिला निर्णय नाकाचा. तीन वर्षांचे त्याचे निकाल त्याने पाठवले. बिचाऱ्याने का म्हणून विचारलंही नाही.

चार दिवस मी ओसरीत सतरंजीवर कागद पसरून बसलो. एका बाजूला रजिस्टर, दुसऱ्या बाजूला भगवंतचे निकाल, मध्ये पट्टी. वहिनी केर काढायला आल्या की कागदांना वळसा घालून जायच्या. एकेचाळीस खोडलेले आकडे मी एकेक करून लावले. खाली जो माझा आकडा दिसतो तो एकदाही निकालाशी जुळत नाही. वर जो तुझा आहे तो एकेचाळीसही वेळा जुळतो. आणि तू तो आदल्या दिवशी लिहिलेला आहेस, निकाल यायच्या आधी, कारण माल त्याच दिवशी सुटला-अडला तो तुझ्याच आकड्यावर. म्हणजे कुठून उतरवला असंही म्हणता येत नाही. तू हुंगलंस, तुला कळलं, आणि मी हात धुवायला गेल्यावर तू माझा आकडा दुरुस्त केलास. मग तुझ्या आकड्याप्रमाणे अहवाल टाइप केलास आणि मी न वाचता त्यावर सही केली. तीन वर्षं.

लिहिता लिहिता मला तुझा रागही येतोय. सांगितलं का नाहीस?

पण सांगायला तू एकदा आली होतीस. फेब्रुवारीत रजेचा अर्ज ठेवताना म्हणालीस, "सर, मी येईपर्यंत मोठा माल घेऊ नका ना." मी काय म्हणालो ते तुझ्या लक्षात असेल. म्हणालो, "बाई, तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मी मोठा माल घेतोय." सगळी खोली हसली. तू मान खाली घालून गेलीस.

अकरा फेब्रुवारीची ओळ माझ्या हातची आहे. सुरमई, वास आठ. कुठे खाडाखोड नाही. बाहेर ट्रक उभा होता, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, मी सही करून टाकली. दुसऱ्या दिवशी भगवंत धावत आला तेव्हा माल शिबिराच्या चुलीवरून पानांत वाढून झालेला होता.

समितीपुढे बसलो तेव्हा ती ओळ मला माहीत होती. पण त्यांना चाळीसेक खाडाखोडी सापडल्या होत्या, सगळ्या रजिस्टरवरच अविश्वास दाखवून त्यांनी वही मिटली. कुणी विचारलं नाही आणि मीही त्या ओळीवर बोट ठेवलं नाही. एप्रिलात तुला बडतर्फीचा कागद मिळाला आणि मे महिन्यात मला शाल आणि श्रीफळ. भाषणात मी म्हणालो होतो की या नाकाने मला कधी दगा दिला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मला माझी लाज वाटते. अभिप्राय लिहायला घेतो.

कुंडलिक


पिंपळवंडी,
१५ डिसेंबर २०२५

अक्षदा,

अभिप्राय चार तारखेला पाठवला. त्यात तापापासून सुरमईपर्यंत सगळं लिहिलंय, आणि एकेचाळीस आकड्यांचा तक्ता जोडलाय. शेवटी आणखी एक मुद्दा घातलाय. गार पाण्यात बर्फाचा चुरा घालून ठेवलेला बांगडा अकराऐवजी चौदा दिवस टिकतो, हे आपलं शेवटचं काम. माझ्या नावाने छापायला गेलंय. त्यातले वासाचे गुण ज्या नाकाने दिले ते माझं नव्हतं, तेव्हा ते तुझ्या एकटीच्या नावाने छापावं असं मी कळवलंय. चौतीस वर्षांत हे एकच काम असं होतं की ज्याने होडीवरच्या माणसाला तीन दिवस जास्त मिळाले असते. नाव काढताना जिवावर आलं, खोटं कशाला सांगू.

वाटलं, सुटलो. नऊ तारखेला अपिलाच्या साहेबांचा फोन.

"कुंडलिकराव, निवृत्तीनंतर माणूस हळवा होतो, मी समजू शकतो. पण तुमचं नाक सगळ्या किनाऱ्याला माहीत आहे. पोरीला वाचवायला इतक्या टोकाला जाऊ नका."

मी म्हणालो, साहेब, मी खरं लिहिलंय.

"मला वास येत नाही असं तर कुणीही म्हणेल. सिद्ध कसं करणार?"

बघ, काय वेळ आली. जेव्हा खोटं बोलत होतो तेव्हा कुणी पुरावा मागितला नाही. खरं बोललो तर म्हणतात कागद आणा. मी रागाने फोन ठेवला, मग बसची वेळ विचारायला स्टँडवर गेलो.

परवा पुण्याला जाऊन आलो. कान-नाक-घशाची डॉक्टरीण, तुझ्याच वयाची असेल. तिने माझे डोळे बांधले आणि एकेक बाटली नाकाखाली धरली. पहिली, काही नाही. दुसरी, काही नाही. तिसरी उघडल्यावर बाहेर बसलेला माणूस शिंकला, मला काही नाही. नंतर कळलं की त्यात कॉफी, गुलाब आणि हिंग होतं. आणि चौथी बाटली आली, तसं माझं डोकं मागे गेलं. नाकात सण्णकन गेलं, डोळ्यांतून पाणी आलं. मी खुर्चीतून उठलोच. "आला! डॉक्टर, आला, आला!" असं ओरडलो. शिळ्या मुशीच्या, म्हणजे लहान शार्कच्या, टोपलीवरचं फडकं उचलल्यावर व्हायचं तसं झालं होतं. अक्षदा, त्या अर्ध्या मिनिटात मला वाटलं की सगळं परत मिळालं. आता उद्या वहिनींच्या भाकरीचा वास येईल, गोठ्याचा येईल. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

तिने पट्टी सोडली, पाणी दिलं आणि खांद्यावर हात ठेवून बसवलं. म्हणाली, "काका, हा अमोनिया. याचा वास नाही आला तुम्हाला, ते झोंबलं. झोंबलेलं कळायची नस वेगळी असते, ती तुमची शाबूत आहे. वासाची गेली आहे." मग म्हणाली, "वास येत नाही असं जो खोटं सांगतो ना, तो या बाटलीलाही काही नाही म्हणतो. तुम्ही ओरडलात. त्यावरून मी लिहून देते की तुम्ही खरं बोलताय."

तिने लिहून दिलं. परत यायचं नाही, असंही सांगितलं. चार वर्षं झाली म्हटल्यावर तिने नुसती मान हलवली. मी शिवाजीनगरवरून बस धरली आणि मंचरपर्यंत डोळे मिटून बसलो. शेजारच्या बाईने मोसंबी सोलली ते मला तिच्या पोराने फोड पुढे केली तेव्हा कळलं.

दाखला त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवलाय. तुझी प्रत पोस्टाने पाठवत नाही. घेऊन येईन.

कुंडलिक


पिंपळवंडी,
२४ डिसेंबर २०२५

अक्षदा,

काल निरगुडसरला येऊन गेलो. तू घरी नव्हतीस. मंचरच्या शीतगृहात भाजीचे क्रेट मोजायला जातेस असं कळलं. माशांच्या जातींपासून त्यांतल्या जिवाणूंपर्यंत सगळं ज्या मुलीला तोंडपाठ, ती क्रेट मोजते. हे मी केलं, तेव्हा त्यावर जास्त बोलत नाही.

तुझे वडील, बहिरूभाऊ, मेंढरांपाशी होते. मी नाव सांगितलं. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं, आणि वाटलं की आता काठी घेतात. पण त्यांनी बाजलं पुढे सरकवलं, पाणी दिलं, आणि मी कागद वाचून दाखवले. मग म्हणाले, "म्हंजी नाक गेलं व्हतं हे आता कळलं का तुमाला? आमाला चार वर्सांपास्नं म्हाईत हाय."

मी विचारलं, अक्षदाने सांगितलं?

"त्या साली दिवाळीला आली तवा म्हनली, सर नासलेल्या कोळंबीच्या टोपलीशेजारी बसून डबा खात्यात. आन रडाय लागली. मी म्हनलं, सांगून टाक सायबाला. तर म्हनती, सांगितलं तर सर मरत्याल." त्यांनी तंबाखू मळली. "आमचा एक कुत्रा व्हता, राव. म्हातारा झाला, त्याला लांडग्याचा वास यीना. ही पोरगी त्याच्या जोडीला राखणीला बसायची. पर त्याला वाड्यावरनं हाकलू दिला न्हाई हिनं. लई समजावलं, ऐकली न्हाई."

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमाला कुत्रा म्हनत न्हाई मी, सायेब. वाईट वाटून घिऊ नका."

मी म्हणालो, म्हणा, काही हरकत नाही.

तुझ्या मुलाखतीची आठवण निघाली. शिळा मासा कसा ओळखशील असं विचारल्यावर तू मुलाखत घेणाऱ्यांना मेंढीची गोष्ट सांगितली होतीस, की शंभर कोकरांत मेंढी आपलं कोकरू हुंगून काढते आणि तू तिच्याआधी काढतेस. बाकीचे हसले होते. मी एकट्याने तुला पैकीच्या पैकी गुण दिले. बहिरूभाऊंना हे सांगितलं तर म्हणाले, "ते गुन बराबर दिलं व्हतं तुमी." नंतर मी माशांना दिलेल्या गुणांबद्दल ते काही बोलले नाहीत.

कागद त्यांच्याकडे ठेवून आलो. उत्तराची घाई नाही.

कुंडलिक


पिंपळवंडी,
१८ जानेवारी २०२६

अक्षदा,

मंगळवारी आदेशाची प्रत आली. बडतर्फी रद्द, तुला दोन फेब्रुवारीला हजर करून घ्यायचं, रजिस्टरमध्ये खाडाखोड केल्याबद्दल ताकीद. माझ्याबद्दल तीन ओळी आहेत, त्या खऱ्या आहेत. मी प्रत दादांना वाचून दाखवली. वहिनींनी गोड केलं. चव लागते अजून, साखरेपुरती.

आणि शुक्रवारी पोस्टमन थांबला. तुझं पत्र.

मी ते इतक्यांदा वाचलंय की तुझीच वाक्यं तुला परत लिहू शकतो. 'सर, तुम्ही खरं लिहिलंत म्हणून मीही लिहिते. फेब्रुवारीतली रजा मी मुद्दाम घेतली होती. घरी काही काम नव्हतं. तीन वर्षं तुमचे आकडे बदलून मी दमले होते. एकदा तुमचं चुकावं आणि दुसऱ्या दिवशी भगवंतकाकांच्या निकालावरून सगळ्यांना कळावं, एवढंच मनात होतं. मोठा माल घेऊ नका म्हणून सांगितलं, तेवढ्याने भागेल असं वाटलं. सव्वीस माणसं, सर. चौकशीत आणि अपिलात मी गप्प राहिले ती तुमच्यासाठी नव्हे. मलाही ती शिक्षा बरोबरच वाटत होती. आता त्या टेबलाशी मी कोणत्या तोंडाने उभी राहू?'

हे पत्र मी फाडलेलं नाही आणि कुणाला दाखवणारही नाही. पण तू विचारलंयस, तेव्हा तुझा जुना साहेब म्हणून शेवटचं उत्तर देतो.

रजा तुझी होती आणि मंजूर मी केली होती. मोठा माल घेऊ नका हे तू तोंडावर सांगितलंस आणि मी तुझी चेष्टा केली. ट्रक बाहेर उभा होता तेव्हा तू चारशे किलोमीटर लांब होतीस आणि पेन माझ्या हातात होतं. त्या सव्वीस माणसांमधला एकही माणूस मी तुला देणार नाही. ती सगळी माझी आहेत. त्यांतल्या एकाचा पत्ता मिळालाय, बाकीचे शोधतोय. प्रत्येकाला पत्र लिहायचंय. सध्या वेळ भरपूर आहे.

तुझी चूक रजा नव्हे. तुझी चूक त्याच्या तीन वर्षं आधीची, तू पहिला आकडा खोडलास त्या दिवसाची. ती दया होती हे मला कळतं. वहिनींनी केली तीच, तू कुत्र्यावर केलीस तीच. पण मासा खाणारा माणूस आपल्या खोलीबाहेर असतो आणि त्याला आपली दया पुरत नाही. तेव्हा दोन तारखेला हजर हो, टेबलाशी ताठ उभी राहा, आणि उद्या तुझ्यासमोर माझ्यासारखा कुणी आला तर त्याचा आकडा दुरुस्त करू नकोस. सगळ्यांसमोर त्याला सांग की सर, तुम्हाला वास येत नाही.

तू हे माझ्या तोंडावर म्हणाली असतीस तर मी तुला खोलीबाहेर काढलं असतं. बदली केली असती, तुझं नाव घेतलं की थुंकलो असतो, कदाचित मरेपर्यंत. मला मी ओळखतो.

तरी सांगायला हवं होतंस, पोरी.

कुंडलिक